मनगटावरचा मास्तर

अमेरिकेत शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिल नावाचं एक सुखवस्तू शहर आहे. तिथल्या मॅडिसन ज्युनिअर हायस्कूलमध्ये फिल लॉलर हे पी.टी.चे शिक्षक होते. 1990 च्या दशकात त्यांनी मुलांना आठवड्यातून एकदा मैलभर पळवायला सुरुवात केली. मैल म्हणजे सुमारे 1600 मीटर, 400 मीटरच्या मैदानाला चार फेऱ्या. लॉलर हातात स्टॉपवॉच घेऊन उभे राहत. लवकर आला तो मेहनती आणि रेंगाळत आला तो आळशी, हा हिशेब जगातल्या बहुतेक पी.टी.च्या सरांप्रमाणे त्यांच्याही डोक्यात पक्का बसलेला होता.

मग शाळेत हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा आला. लॉलर यांनी तो सहावीतल्या एका मुलीला लावायला दिला. मुलगी अंगानं बारीक, खेळात यथातथाच, मैल पुरा करताना मागे पडणारी. धावून झाल्यावर लॉलर यांनी नोंदी पाहिल्या आणि ते चक्रावले. पळताना तिच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी 187 पडत होते आणि शेवटची रेषा ओलांडताना ते 207 वर गेले होते. 220 मधून वय वजा केलं की हृदयाचा कमाल वेग ढोबळमानानं मिळतो. अकरा वर्षांच्या मुलीसाठी तो येतो 209. म्हणजे जिला ते मनातल्या मनात ‘जरा पाय उचल’ म्हणत होते, ती मुलगी जिवाच्या आकांतानं पळत होती. मैदानावरच्या एखाद्या चपळ पोरापेक्षाही जास्त. जॉन रेटी या मानसोपचारतज्ज्ञानं 2008 साली ‘स्पार्क’ या पुस्तकात ही हकिकत सांगितली आणि ती जगभर गेली.

लॉलर यांच्या मनात आलेला विचार कुणाही शिक्षकाची झोप उडवणारा आहे. आजवर आपण अशा किती मुलांना आळशी ठरवून खेळापासून तोडलं असेल? त्यांनी गुण देण्याची पद्धत बदलली. किती वेगानं पळालात याला महत्त्व उरलं नाही. स्वतःच्या हृदयाला योग्य त्या वेगाच्या टापूत किती वेळ ठेवलंत, याला आलं. चपळ मुलाला रमतगमत पळून पहिला येण्याची सोय राहिली नाही आणि मागे पडणाऱ्या मुलीला पहिल्यांदाच वरची श्रेणी मिळवण्याची वाट खुली झाली.

शाळेच्या व्यायामात यंत्र कशासाठी आणावं, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या वाचनात नाही. मात्र ही गोष्ट आज जिथे सांगितली जाते, तिथे तिच्यातली मुख्य बाब गळून पडते. त्या पट्ट्यानं आधी कोण शहाणं झालं? मुलगी नव्हे. ती जोरात पळते आहे हे तिला ठाऊकच होतं, छाती तिची धडधडत होती. शहाणे झाले ते सर. आज मनगटी पट्टे विकणारे नेमकं उलटं सांगतात. मुलांच्या हातात पट्टा बांधा, आकडा त्यांना दिसू द्या, ती आपोआप हलायला लागतील. हे कितपत खरं आहे, ते पाहण्याआधी पट्ट्याच्या आत काय चालतं ते थोडक्यात पाहू.

पावलं मोजण्याचं काम त्वरणमापक नावाचा चिमुकला सुटा भाग करतो. सिलिकॉनमध्ये कोरलेलं एक सूक्ष्म वजन हातासोबत हलतं, त्यामुळे विद्युतभारात फरक पडतो आणि त्यावरून कोणत्या दिशेला किती झटका बसला हे कळतं. चालताना हात ठरावीक तालात झुलतो. तो ताल ओळखून यंत्र ‘एक पाऊल’ असं लिहून ठेवतं. म्हणजे मोजला जातो तो हात, पाय नव्हे. बाकावर बसून हात हलवत राहिलं तरी पावलं वाढतात, हे कोणत्याही आठवीतल्या पोराला पहिल्या दोन तासांत कळतं. मोठ्यांनी तर त्याचाही धंदा केला. फोन झुलवत ठेवून पावलं वाढवणारे पाळणे चीनमध्ये विकले जातात.

ठोके मोजायची पद्धत वेगळी. पट्ट्याखाली हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटातल्या रक्तवाहिन्यांत जास्त रक्त येतं आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. ही चढउतार मोजली की ठोके मिळतात. पट्टा सैल असला किंवा मनगट वाकलेलं असलं की गणित बिघडतं. लॉलर यांच्या शाळेत होता तो छातीवरचा पट्टा, जो हृदयाचे विद्युत संकेतच टिपतो आणि म्हणून जास्त भरवशाचा असतो. फिनलंडच्या पोलार या कंपनीनं असे बिनतारी पट्टे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला खेळाडूंसाठी आणले होते.

उष्मांकांचा, म्हणजे कॅलरीचा आकडा मात्र जवळजवळ सोडून द्यावा असा. स्टॅनफर्ड विद्यापीठात 2017 साली 60 जणांवर सात प्रकारची मनगटी यंत्रं तपासली गेली. सातांपैकी सहांनी ठोके पाच टक्क्यांच्या आतबाहेर बरोबर दाखवले. उष्मांकांत सर्वांत चांगलं यंत्रही सरासरी 27 टक्क्यांनी चुकलं आणि सर्वांत वाईट 93 टक्क्यांनी. तरी पडद्यावर हाच आकडा ठळक असतो. चौदा-पंधरा वर्षांच्या वयात, आरशासमोर तासन्‌तास जाण्याच्या काळात, ‘एवढं खाल्लं, एवढं जाळलं’ हा हिशेब मुलांच्या हाती देणं मला धोक्याचं वाटतं. अमेरिकेतल्या कॉलेज विद्यार्थ्यांच्या 2017 च्या एका पाहणीत अशी यंत्रं वापरणं आणि खाण्यासंबंधीच्या विकारांची लक्षणं यांचा संबंध दिसला होता. एकामुळे दुसरं होतं असं त्यातून सिद्ध होत नाही. पण शाळेनं पट्टे वापरायचे ठरवलं, तर उष्मांकाचा रकाना बंद करणं हे पहिलं काम.

आणि ती दहा हजार पावलं? टोकियोत 1964 साली ऑलिंपिक झालं. त्या उत्साहाच्या लाटेवर यामासा या जपानी कंपनीनं 1965 साली कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा गोल होता, लक्षात राहण्याजोगा होता, खपाला चांगला होता. पुढे तोच जगभरच्या मनगटांवर जाऊन बसला. सरासरी 72 वर्षांच्या सुमारे 17 हजार अमेरिकन स्त्रियांच्या 2019 सालच्या अभ्यासात दिसलं, की मृत्यूचा धोका 4400 पावलांपासूनच कमी दिसू लागतो आणि 7500 च्या आसपास फायदा वाढायचा थांबतो. किशोरवयीन मुलांसाठी तर जागतिक आरोग्य संघटना पावलांची भाषाच बोलत नाही. तिची शिफारस मिनिटांत आहे. 5 ते 17 वयोगटानं दिवसाला सरासरी 60 मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी. दम लागणं ओळखायलाही सोपी खूण आहे. बोलता येतं पण गाता येत नाही, ती मध्यम हालचाल. चार शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागतो, ती जोरकस.

आता मूळ प्रश्न. पट्टा बांधल्यानं मुलं हलतात का?

मोठ्या माणसांच्या बाबतीत उत्तर बऱ्यापैकी होकारार्थी आहे. दक्षिण ऑस्ट्रेलिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2022 साली आधीच्या अनेक आढाव्यांचा मिळून एक मोठा आढावा घेतला. पट्टा वापरणारे लोक दिवसाला सरासरी 1800 पावलं जास्त चालतात, असं त्यात आलं. पण स्वतःच्या पैशानं, डॉक्टरांनी दम दिल्यावर किंवा वाढलेल्या पोटाला घाबरून पट्टा घेणारा चाळिशीतला माणूस वेगळा आणि वर्गात सरांनी वाटला म्हणून मनगटावर चढवणारा नववीतला मुलगा वेगळा.

इंग्लंडमध्ये शार्लट कर्नर आणि व्हिक्टोरिया गुडइयर या दोन संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. 13 ते 14 वयाच्या सुमारे शंभर मुलामुलींना त्यांनी आठ आठवडे फिटबिटचे पट्टे वापरायला दिले. 2017 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुरुवातीला मुलं हलली, पण कशानं? मित्राच्या पुढे जायच्या ईर्ष्येनं, आकडा गाठला नाही तर वाटणाऱ्या अपराधीपणानं, कुणीतरी पाहतंय या दडपणानं. आठ आठवडे संपता संपता व्यायामाची स्वतःची अशी ओढ वाढली नव्हती, कमी झाली होती. ‘कशाला करायचं हे सगळं’ ही भावना मात्र वाढली होती. दहा हजारांचं लक्ष्य आपल्यासाठी नाहीच, असं मुलांना वाटलं. काहींनी पट्टा काढून ठेवला. ऑस्ट्रेलियात मेलबर्नमध्ये डीकिन विद्यापीठानं कमी हालचाल करणाऱ्या याच वयाच्या मुलांसाठी पट्टा आणि समाजमाध्यमं यांची सांगड घालून बारा आठवड्यांचा कार्यक्रम केला. मुलांच्या मध्यम ते जोरकस हालचालीत एकूण वाढ दिसली नाही.

असं का व्हावं, याचं उत्तर पट्ट्यांहून जुनं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीत मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग 1973 साली प्रसिद्ध झाला. रंगीत पेनांनी चित्रं काढायची मुळात आवड असलेली मुलं त्यांनी निवडली. काहींना सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता दिलं, काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी पेनं पुन्हा वर्गात ठेवली, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढत बसली. जे आवडीनं होत होतं ते बक्षिसासाठी झालं आणि बक्षीस संपल्यावर उरलं नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन मानसशास्त्रज्ञांनी याच धाग्यावर पुढे मोठा सिद्धांत उभा केला. एखादं काम माणूस मनापासून करत राहतो ते तीन गोष्टींवर. ते मी निवडलं आहे, ते मला जमतंय आणि ते करताना माझी माणसं माझ्यासोबत आहेत. आता वर्गाच्या फळ्यावर लावलेली पावलांची यादी या तीन कसोट्यांवर लावून पाहा. लक्ष्य मुलानं निवडलेलं नाही. यादीत खाली असलेल्या पंचवीस जणांना रोज सकाळी ‘तुला जमत नाही’ असं छापील कळतं. आणि सोबती प्रतिस्पर्धी झालेले असतात.

जॉर्डन एटकिन या संशोधिकेनं 2016 साली आणखी एक बारीक गोष्ट दाखवली. चालणं, वाचणं, चित्र रंगवणं अशा सुखाच्या गोष्टी मोजायला लागलं की माणसं त्या जास्त करतात, पण त्यांची मजा घटते. मोजणी थांबली की पुन्हा करावंसंही कमी वाटतं. खेळाच्या तासातून मजा काढून घेतली तर उरतं काय? कवायत.

सक्तीचं टोक पाहायचं असेल तर ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरातलं ओरल रॉबर्ट्स विद्यापीठ पाहावं. धर्मप्रचारकानं स्थापन केलेल्या या संस्थेत व्यायाम हा शिक्षणाचा भाग पहिल्यापासून होता आणि विद्यार्थी त्याच्या नोंदी वहीत हातानं लिहून देत. 2015-16 पासून नव्यानं दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांना फिटबिट बांधणं आवश्यक झालं. दिवसाला दहा हजार पावलं आणि ठोक्यांची नोंद थेट संस्थेच्या गुणपुस्तकात. बातमी आल्यावर खासगीपणाची बरीच चर्चा झाली. मला त्यातली दुसरीच गोष्ट खटकते. वहीत लिहिताना विद्यार्थी निदान क्षणभर आठवत होता, आज मी काय केलं. पट्टा त्याच्यासाठी आठवतो आणि त्याच्या पाठीमागे सांगतोही.

म्हणजे नेपरव्हिल खोटं ठरलं का? नाही, पण तिथे पट्ट्यासोबत बाकी काय होतं ते पाहायला हवं. तिथल्या शाळांत मुलांना अनेक खेळांतून निवड करता येत होती. भिंत चढण्यापासून जोडीनं नाचण्यापर्यंत. अकरा-अकराच्या संघांऐवजी तीन-चार जणांचे छोटे खेळ, म्हणजे चेंडूची वाट पाहत उभं राहायला नको. तुलना स्वतःच्या मागच्या आठवड्याशी. निवड, जमणं, सोबत, तिन्ही तिथे यंत्राच्या जोडीला होतं. (1999 च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत नेपरव्हिलची आठवीची मुलं विज्ञानात जगात पहिली आणि गणितात सहावी आली, त्याचंही श्रेय काही जण व्यायामाला देतात. शहर किती सुस्थितीतलं आहे हे ध्यानात घेता, मी ते जपूनच घेईन.)

आपल्याकडे वळू. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या 146 देशांच्या पाहणीनुसार 11 ते 17 वयाची 81 टक्के मुलं रोजच्या त्या 60 मिनिटांच्या आत अडकलेली होती. मुलगे 78 टक्के, मुली 85 टक्के. भारत आणि बांगलादेश या चित्रात तुलनेनं बरे दिसले. संशोधकांनी सुचवलेली कारणं वाचली की हसावं की काय कळत नाही. मुलगे क्रिकेट खेळतात म्हणून आणि मुली घरकाम करतात म्हणून. पाणी भरणं, धुणं, झाडलोट हे सगळं ‘शारीरिक हालचाल’ या शीर्षकाखाली जमा झालं. आकड्याला खेळ आणि राबणं यांतला फरक कळत नाही. डोक्यावरच्या हंड्याला एक हात धरून चालणारी मुलगी तर मनगटी पट्ट्याला धड चालतानाही दिसणार नाही, कारण तो हात झुलतच नाही.

आपल्या मैदानावरच्या खेळांचंही तेच. मल्लखांबावर पकड घेऊन उलटा लटकलेला मुलगा घामाघूम होतो आणि त्याच्या खात्यात पावलं पडतात शून्याच्या आसपास. सूर्यनमस्कारांत तळहात जमिनीला टेकलेले असतात, तिथेही तीच गत. लंगडीतल्या उडीला यंत्र काय समजेल ते त्याचं तेच जाणे. कबड्डीत पट्टा घालूच देता येणार नाही, झटापटीत समोरच्याला लागेल. खो-खोत पाठलाग करणाऱ्याचे ठोके सुसाट जातील, पण त्याची पावलं एखाद्या निवांत फेरफटका मारणाऱ्याहून कमी भरतील. म्हणजे पावलांच्या यादीवर गुण दिले तर आपलेच खेळ तोट्याचे ठरतात. वापरायचाच तर ठोक्यांचा आकडा वापरावा.

आपल्या दहावीच्या वर्गात शारीरिक शिक्षणाला श्रेणी असते, टक्क्यांत ती धरली जात नाही. म्हणूनच जानेवारी उजाडला की पी.टी.चा तास गणिताचे सर मागून घेतात आणि सगळ्यांना ते रास्तही वाटतं. साठ मुलांचा वर्ग, एक शिट्टी, दोन चेंडू, अशा जागी प्रत्येकाला पट्टा ही कल्पना परवडणारी नाही. चांगली गोष्ट अशी की तशी गरजही नाही. शाळेकडे दहा पट्टे असले तरी पुरतात, आणि त्यांचा पहिला उपयोग सरांनी स्वतःचा तास तपासायला करावा. पस्तीस मिनिटांच्या तासात हजेरी, रांगा आणि सूचना यांत किती गेली आणि मुलांच्या हृदयाला काम किती मिनिटं मिळालं? क्रिकेटमध्ये सीमारेषेवर उभ्या मुलाला दोन पट्टे बांधले तरी ठोके वाढणार नाहीत. दोष मुलाचा नाही, तासाच्या आखणीचा आहे आणि तो आकड्यात स्वच्छ दिसतो. मुली कोणत्या खेळात रंगतात, कुठे कडेला सरकतात, तेही दिसतं.

नोंदी कुठे जातात, याची चौकशी मात्र पट्टे विकत घेण्याआधी व्हावी. बहुतेक पट्टे कंपनीच्या खात्याशी जोडावे लागतात आणि मुलाचं वय, वजन, झोप, काहींत तर ठावठिकाणाही बाहेरच्या संगणकावर जाऊन बसतो. आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि पालकांच्या संमतीची अट घातली आहे. सहलीच्या परवानगीसारखा एक कागद घरी पाठवून सही आणली, एवढ्यानं ही गोष्ट संपू नये. खातं मुलाच्या नावानं न काढता पट्ट्याला क्रमांक द्यावा, वजनाचा रकाना रिकामा ठेवावा, झोपेची नोंद बंद करावी आणि तासानंतर पट्टा शाळेतच काढून घ्यावा. रात्री मूल किती वाजता झोपलं हे पी.टी.च्या सरांना कळण्याचं काही कारण नाही.

मग मुलांनी पट्ट्याचं करायचं काय? माझ्या मते सर्वांत उपयोगाचा खेळ अगदी साधा आहे. आधी अंदाज, मग आकडा. दोन फेऱ्या मारून आल्यावर मुलीनं पट्ट्याकडे न पाहता सांगायचं, माझे ठोके किती असतील. नंतर मानेजवळच्या नाडीवर दोन बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजायचं आणि चारनं गुणायचं. शेवटी पट्टा पाहायचा. पहिल्या दिवशी तिचा अंदाज तीस-चाळीसनं चुकला तरी हरकत नाही. धडधड, घाम, श्वास या खुणा आणि पट्ट्यावरचा आकडा यांची सांगड हळूहळू बसते. 150 म्हणजे अंगात काय वाटतं, 180 म्हणजे काय, हे कळायला लागतं. कुणाचे ठोके चटकन चढतात, कुणाचे सावकाश, यावर वर्गात बोलता येतं आणि त्यात पहिला-शेवटचा असा प्रकार नसतो. गणिताच्या सरांना आलेख काढायला खरीखुरी माहिती मिळते. जानेवारीतला तास मागून घेताना त्यांना थोडी भीड पडली तर तोही फायदाच. आणि ज्या तुकडीचे अंदाज पाच-दहाच्या फरकात यायला लागले, तिचे पट्टे काढून पुढच्या तुकडीला द्यायचे.